पोळ्यानंतरचे दिवस

पोळा झाला की आमच्या कामाचा हंगाम सुरू होतो. बैलांच्या शिंगांवरचा बेगड अजून उतरलेला नसतो, तोच कपाशीला बोंडं धरू लागतात, फवारण्या वाढतात आणि हातातला पैसा संपतो. पेरणीच्या वेळी उचललेलं कर्ज केव्हाच बियाण्यात आणि खतात जिरलेलं असतं. कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. मधले दोन-अडीच महिने मुलांच्या फिया, घरातली दुखणी, पाहुणेरावळे, सगळं उधारीवर चालतं. पावसानं दडी मारली किंवा नको तेव्हा झोडपून काढलं, तर माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. आणि नेमक्या याच दिवसांत फवारणीचं औषध घरात असतं: कोठ्यात, माळ्यावर, कधी खाटेखालीसुद्धा. यवतमाळ जिल्ह्यात मानसिक आरोग्याचं काम करता करता मी वर्ष असं वाचायला शिकले. दुसरा अवघड काळ फेब्रुवारी-मार्चचा, वसुलीचा आणि लग्नसराईचा.

मी समाजकार्य शिकलेली बाई. २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागानं शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आशाताई घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासी यांबद्दल विचारू लागल्या, त्या सुमारास मी या कामात आले. आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं की लोकांना आधी काय आठवतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९८६ साली १९ मार्चला कुटुंबासह जीवन संपवलं. त्या दिवशी आजही कितीतरी लोक अन्नत्याग करतात. शेतमालाचा भाव, सिंचन, सावकारी, पीकविमा या सगळ्यांवर तेव्हापासून बोललं गेलं आणि ते बोलणं खरंच आहे. कोरडवाहू चार एकरांत घर चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण भाव वाढायला जितकी वर्षं लागतील तितकी वर्षं आज रात्री जागा असलेला माणूस थांबू शकत नाही. त्याच्यासाठी आज काहीतरी करावं लागतं, आणि ते करणारी माणसं गावातच असावी लागतात.

एक गोष्ट आकड्यांतून दिसते ती आधीच सांगते, कारण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्याच वर्षी राज्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ जण गेले. म्हणजे पाचांतले चार जण शेतीच्या रकान्यात बसत नाहीत. त्यांत सुना आहेत, बारावीतली पोरं आहेत, पुण्याला कंपनीत लागलेली आणि परत आलेली मुलं आहेत, दारूनं पोखरलेली माणसं आहेत. आम्ही गावात जातो तेव्हा लोक आम्हाला थेट थकबाकीदाराच्या घरी नेतात. मी आशाताईंना सांगते, शेजारच्या घरातली ती नवी सून दोन महिने विहिरीवर कुणाशी बोललेली नाही म्हणता ना, तिच्याकडेही जाऊ.

आमच्या कामातली खरी अडचण वेळेची आहे. ज्या ज्या गोष्टीनं माणसाला बरं वाटेल तिला वेळ लागतो. उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. आठ दिवस घेऊन काही फरक नाही म्हणून पुष्कळ जण ती सोडून देतात. कर्जाचं पुनर्गठन, विम्याचा दावा, सातबाऱ्यावरची नोंद यांना महिने लागतात. उलट मरणाची तीव्र ओढ बहुतेकदा लाटेसारखी येते. काही तास, कधी काही मिनिटं ती माणसाला गिळून टाकते आणि ओसरते. ओसरल्यावर तोच माणूस चहा मागतो, गुरांना पाणी दाखवतो. तेवढे तास त्याला एकटं सोडायचं नाही, आणि गोळीला, बँकेला, तलाठ्याला लागणारे आठवडे त्याच्यासोबत काढायचे. गाव यापेक्षा वेगळं काही करू शकत नाही, पण एवढं गावच करू शकतं.

राळेगावकडच्या एका गावातली गोष्ट आहे. तिथल्या आशाताईंचा मला दुपारी फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, एका काकाजींचं मला बरं दिसत नाही." काय झालं, विचारलं. सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं, हे सगळ्यांचंच होतं. पोळा झाल्यावर त्यांनी बैलजोडी विकली, हेही गावात नवं नव्हतं. पण त्या पैशातून त्यांनी किराणा दुकानाची जुनी उधारी शेवटच्या रुपयापर्यंत फेडली, म्हाताऱ्या आईचा तुटलेला चष्मा करून आणला आणि धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला होता तो स्वतः जाऊन मोडला. दुकानदार खूश होता. आशाताईंना मात्र ते खटकलं. हंगामाच्या मध्यावर, घरात पैसा नसताना सगळ्यांचे हिशेब मिटवणारा माणूस कुठे निघालाय, असं त्यांच्या मनात आलं. ही नजर कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही. प्रशिक्षण फक्त एवढं सांगतं की असं वाटलं तर ते मनात ठेवू नका.

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. काकाजी ओट्यावर बसून दोर वळत होते. काकूंनी पाणी दिलं. आशाताईंनी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "काकाजी, झोप कशी आहे?"

"झोप कायची जी. दोनला डोळा उघडते, मंग कोंबडा आरवेपर्यंत आढ्याकडं पाहत राह्यतो."

"जेवण?"

"बुढी वाढते म्हणून खातो."

मग मी विचारलं, "काकाजी, मरून जावं असं मनात येते काय?"

हा प्रश्न असाच विचारायचा असतो, सरळ. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर यायला वाट मिळते. जगभरचा अनुभव आणि अभ्यास हेच सांगतो. तरी दर वेळी तो ओठांवर आणताना माझी छाती धडधडते. काकाजींचे हात थांबले. दोराचा पीळ उलगडू लागला तसा त्यांनी तो पायाच्या अंगठ्यात धरून ठेवला. बराच वेळ गेला.

"येते," ते म्हणाले. "काल लय आलं."

दारात उभ्या काकू मटकन खाली बसल्या. आशाताई उठून त्यांच्याजवळ गेल्या. मी काकाजींना पुढचं विचारलं: कधीपासून येतं, काल काय झालं, काही ठरवलं होतं का, आज काय वाटतंय. ते एकेका वाक्यात उत्तर देत गेले. त्यांनी कोठ्याकडे पाहिलं तेव्हा मला जे कळायचं ते कळलं.

अशा वेळी माणसाला समजूत घालायचा मोह प्रत्येकाला होतो. लेकरांकडे पाहा, हिंमत ठेवा, मरून काय प्रश्न सुटतात का, लोक तुमच्यापेक्षा वाईट दिवस काढतात. हे सगळं तो स्वतःला रात्रभर सांगून थकलेला असतो. लेकरांकडे पाहूनच त्याची मान खाली गेलेली असते. आम्ही त्या संध्याकाळी फक्त रात्रीचं ठरवलं. फवारणीचं औषध चुलतभावानं येऊन आपल्याकडे नेलं. काकाजींनीच ते कुठे आहे ते दाखवलं. १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस ही चोवीस तासांची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. ओट्यावर स्पीकर लावून काकाजी पलीकडच्या समुपदेशकाशी बोलले. आधी हुं हुं, मग जरा मोकळं. सकाळी ग्रामीण रुग्णालयात कोण सोबत जाणार, गाडी कुणाची, हे नक्की केलं.

मग जागलीचा प्रश्न निघाला. शेतात रानडुकरं आणि रोही शिरतात, म्हणून या दिवसांत माणसं रात्रभर मचाणावर जागतात. पिकासाठी जागणं भाग आहे, आणि एकट्या माणसाला, झोप उडालेल्या माणसाला, अंधारात तासन् तास मचाणावर बसवणं म्हणजे त्याला त्याच्या विचारांच्या तोंडी देणं. काकाजी म्हणाले, जागल सोडली तर तूरही जाईल. चुलतभाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी जातो ना बाप्पा तुह्या वावरात. तू घरी नीज." पुढे त्या आळीतल्या पोरांनी वार वाटून घेतले. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कुठल्याही योजनेत आम्हाला जागलीचा रकाना सुचला नसता.

काकाजींची गोळी सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात आशाताई रोज येता-जाता डोकावत होत्या, मग दिवसाआड. दर खेपेला त्या तोच प्रश्न तितक्याच सरळपणे विचारत. एकदा त्यांनी मला सांगितलं की काकाजी आता चिडतात, "रोज काय इचारता बाई" म्हणतात. मला फार बरं वाटलं. चिडायला अंगात जोर लागतो.

गावात अशी नजर असणारी माणसं आधीपासून असतात, त्यांना फक्त एकमेकांशी जोडावं लागतं. आमच्याकडे कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. रोज येणारा माणूस आठ दिवस दिसला नाही, तर प्रार्थना घेणाऱ्या बुवांच्या ते आधी लक्षात येतं. न्हाव्याला कळतं, दाढी वाढवून कोण फिरतोय. बचत गटाच्या अध्यक्षबाईंना माहीत असतं की कुणाचे हप्ते थकलेत आणि कुणाच्या घरी नवऱ्यानं मारलंय. आम्ही अशा लोकांना बसवून दोन-तीन गोष्टी शिकवतो: काय दिसलं तर थांबायचं, काय विचारायचं, कुणाला कळवायचं. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा माणूस कृषी केंद्राचा मालक. फवारणीची वेळ नसताना, चेहरा पडलेला माणूस एकटाच औषध मागायला आला, तर दुकानदारानं त्याला बसवावं, चहा सांगावा, "माल संपला, उद्या या" म्हणावं आणि तो गेल्याबरोबर गावात फोन करावा. एका दुकानदारानं मला विचारलं, "ताई, गिऱ्हाईक परत पाठवलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल ना?" जाईल, कदाचित. पण दुसरं दुकान तालुक्याला आहे, एसटी यायला दीड तास आहे, आणि त्या दीड तासात तुमचा फोन पोचलेला असेल. ते ऐकून त्यानं आशाताईंचा नंबर काउंटरच्या काचेखाली सरकवला.

गावच्या माणसाकडून होतं, हा केवळ माझा विश्वास नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना शिकवून, पाठीशी मनोविकारतज्ज्ञ ठेवून दीड वर्ष काम केलं. उदासीच्या आजारात मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आले. मला त्यातला पहिला आकडा जास्त बोलका वाटतो. शंभरातले शहाण्णव जण कुठेच पोचत नव्हते.

गावच्या माणसाची मर्यादाही आहे, ती झाकून चालणार नाही. आशाताई त्याच गावच्या, कुणाच्या तरी जाऊ, कुणाच्या तरी भावकीतल्या. शेतीच्या धुऱ्यावरून ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्या घरचं माणूस त्यांच्यापुढे मन मोकळं करत नाही. पोरीचं प्रेमप्रकरण, नवऱ्याची मारहाण, जातीवरून झालेला अपमान हे गावच्या कानांपासून लपवायचं असतं. तिथे बाहेरून येणारा समुपदेशक लागतो, फोनवरचा अनोळखी आवाज लागतो. आणि आशाताईंच्या डोक्यावर लसीकरणापासून क्षयरोगापर्यंतची रजिस्टरं आहेत. दुसऱ्याचं दुःख उरावर घेऊन त्या घरी जातात तेव्हा त्यांचं ऐकायला कोण आहे? आम्ही महिन्याच्या बैठकीत आता रजिस्टरं उघडण्याआधी त्यांनाच बोलू देतो. अर्धा तास जातो. जाऊ दे.

फवारणीच्या औषधाबद्दल मात्र माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय. माणसाच्या मनातली लाट ओसरेपर्यंत त्याच्या हाताशी काय आहे, यावर त्याचं जगणं ठरतं. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. ९३ हजार जीव वाचले असा अंदाज आहे. तिथले शेतकरी शेती करतच राहिले, पिकं येतच राहिली. त्याच देशात १८० गावांत घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या, त्यानं मात्र फरक पडला नाही. मला याचं नवल वाटत नाही. पेटीची किल्ली घरधन्याच्याच कडदोऱ्याला असते. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या स्नेहा संस्थेनं वेगळा प्रयोग केला: गावात एकच सामायिक साठवण, तिथे प्रत्येक शेतकऱ्याचा कुलूपबंद कप्पा. औषध घरापासून दूर गेलं आणि मध्ये एक माणूस आला. माझ्या मते बंदी सरकारनं घालायची आणि साठवण गावानं करायची. आमच्या जिल्ह्याला तर याचं दुहेरी कारण आहे. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन इथे वीसहून अधिक माणसं दगावली. ती जगायला शेतात गेली होती.

ज्यानं प्रयत्न केला आणि जो वाचला, त्याचं पुढे काय होतं हे गावाला फारसं माहीत नसतं. घरचे लोक दवाखान्यात "चुकून तोंडात गेलं" असं सांगतात, पोलिसांच्या भीतीनं. खरं तर मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत उरलेलंच नाही. मी हे वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना दर वेळी सांगते, कारण खरं सांगितलं तरच डॉक्टर नीट उपचार करतात आणि मनोविकार विभागाला बोलावतात. पोट धुऊन, सलाईन लावून, तीन दिवसांनी घरी पाठवलं की संपलं असं सगळ्यांना वाटतं. घरी परतल्यानंतरचे आठवडे फार जोखमीचे असतात. गाव त्याला पाहायला येतं आणि जो तो बोलून जातो. आम्ही आधीच घरी जाऊन सांगतो: कुणी का केलं म्हणून विचारायचं नाही, जेवलास का म्हणून विचारा.

आणि जो वाचला नाही, त्याच्या घरी चौथ्या दिवशीपासून कागद सुरू होतात. शेत कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकीत होतं का. त्यावर पात्र की अपात्र ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा घरांतल्या, नवरा गमावलेल्या ५०५ बायकांशी बोलून पाहिलं. त्यांतल्या ४० टक्के जणींच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेलीच नव्हती. दिवसभर तहसीलच्या व्हरांड्यात बसलेल्या बाईला रात्री सासरी ऐकावं लागतं की तुझ्यामुळेच गेला. तिच्याही मनात मरणाचा विचार येतो, आणि तिला ते कुणी विचारत नाही. म्हणून मी तेराव्यानंतर जाते. तोवर घर भरलेलं असतं, तेराव्यानंतर ते ओस पडतं. अशा आणखी दोघी-तिघींना सोबत नेते, ज्या त्याच वाटेनं गेल्या आहेत. त्या काय बोलतात ते मी ऐकत नाही, मी मुलांना घेऊन ओट्यावर बसते. परतताना त्यांनी वारस नोंदीचा अर्ज भरून घेतलेला असतो.

यंदा खरिपाआधी एका गावच्या ग्रामसभेत औषधांच्या सामायिक साठवणीचा विषय आला. जुनी समाजमंदिराची खोली होती, तिला खिडक्या होत्या, वारा खेळता होता, गुरांच्या पाण्यापासून लांब होती. विरोध झाला. पहाटे फवारणीला जायचं तर औषध मिळणार कसं? कुणाची बाटली कुणी नेली तर? चोरी झाली तर? सगळे रास्त प्रश्न. तासभर वाद झाला, दोघे उठून गेले, एक परत आला. मग गाडी किल्लीवर अडली. सरपंच म्हणाले, माझ्याकडे राहील. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् तुह्यावरच वेळ आली तर?" सभेत शांतता झाली. सरपंचांनी मान हलवली. शेवटी ठरलं की दोन कुलपं लावायची. एक किल्ली बचत गटाच्या बाईंकडे, दुसरी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे. पहाटे पाच ते आठ खोली उघडी, नंतर कुणाला लागलं तर दोघांनी मिळून उघडायची आणि वहीत नाव लिहायचं. ठराव लिहिताना ग्रामसेवकांनी विचारलं, विषय काय लिहू? एक बाई मागून म्हणाली, फवारणीची सोय लिहा. तेच लिहिलं. कप्पे करायला सुतार सोमवारी येणार आहे.